साडूभाऊंनी मोजलेली सावली

अख्ख्या वऱ्हाडात माझ्या साडूंइतका अचूक मोजणारा माणूस आजवर झालेला नाही. आणि जे लोक लग्नात, बारशात, इतकेच काय तेरवीच्या जेवणातसुद्धा त्यांच्या अकोल्याच्या गच्चीची गोष्ट सांगून हशा मिळवतात, त्यांना त्या गोष्टीतले काडीचेही कळलेले नाही. यात अग्रभागी आहेत अचलपूरचे आमचे मेहुणे. ‘मोजणीवाल्याला स्वतःच्या घरावरची सावली मोजता आली नाही, सोलरची पॅनेले सावलीत बसवली,’ असे ते सांगतात आणि स्वतःच आधी हसतात. हे सारे घडले तेव्हा मेहुणे अचलपुरात होते. मी गच्चीवर होतो, आणि टेपचे दुसरे टोक माझ्या हातात होते. तेव्हा ऐकायचे असेल तर माझे ऐकावे.

साडू जमीनमोजणीच्या नोकरीतून निवृत्त झाले. मोजणी मात्र त्यांच्यातून निवृत्त झाली नाही. पंगतीत बसले की ते आधी दोन पानांमधले अंतर न्याहाळतात आणि मगच वरणाला हात लावतात. नवरा-नवरीच्या खुर्च्या मांडवाच्या मध्यावर नाहीत, हे त्यांना हातात अक्षता असताना दिसते आणि मंगलाष्टके संपेपर्यंत त्यांचा जीव थाऱ्यावर नसतो. एसटीने माझ्यासोबत अमरावतीहून अकोल्याला निघाले की मूर्तिजापूर येईपर्यंत खिडकीतून शेतांचे बांध बघत ते पुटपुटत राहतात, “हा धुरा सरकवला. हा बी सरकवला.” अमरावतीला राजापेठेतले माझे घर बांधून झाले तेव्हा सगळे पाहुणे फरशीचे कौतुक करत होते. साडू बैठकीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पावले टाकत गेले, परत आले आणि म्हणाले, “भाऊ, तुमची खोली काटकोनात नाही.” मी अर्थातच वाद घातला. गवंड्याला बोलावून दोरी लावली. खोली काटकोनात नव्हती हे मी मान्य करतो, पण ते वाकडेपण इतके अल्प होते की सभ्य माणसाच्या लक्षात येऊ नये.

त्यांचे दुसरे वेड म्हणजे वहिवाट. एखाद्याच्या शेतातून लोक वर्षानुवर्षे येत-जात असतील तर ती वाट मालकालाही बंद करता येत नाही, हे तत्त्व त्यांनी नोकरीत इतक्यांदा सांगितले की शेवटी ते घरात शिरले. त्यांच्या आरामखुर्चीत शेजारची मांजर झोपते. एकदा मी तिला हाकलायला हात उगारला, तर हेच गृहस्थ उभ्याउभ्या चहा पीत म्हणाले, “राहू द्या भाऊ. तिची वहिवाट आहे.”

अशा माणसाच्या गच्चीवर सोलर बसवायचे ठरले. पुण्यातल्या मुलाने हट्ट धरला, आणि मी त्याच सुमारास आठ-पंधरा दिवसांसाठी अकोल्याला गेलो होतो. गच्ची रिकामी करायची, भेगा बुजवायच्या आणि ऊन कुठे सर्वांत जास्त वेळ टिकते ते ठरवायचे, एवढेच काम. पहिल्या टप्प्यालाच गाडी अडली. वर तुराट्यांच्या पेंढ्या, गंजलेल्या कूलरचे पत्रे, पाय मोडलेली बाज आणि कुणाच्या तरी लग्नात उरलेली रंगीत मडकी होती. प्रत्येक वस्तूची साडूंनी सुनावणी घेतली. बाज फेकायला मी उचलली तर म्हणाले, “थांबा. हिच्यावर मुलगा झोपत होता.” मी म्हटले, “तो आता पुण्यात पलंगावर झोपतो.” यावर ते बाजेभोवती एक फेरी मारून म्हणाले, “थे बी खरं आहे,” आणि बाज खाली गेली.

मग कंपनीचा तरुण इंजिनिअर आला. गच्चीचे दोन भाग सहज दिसत होते. पुढचा भाग उजाड उन्हाचा. मागच्या भागाला पश्चिमेकडच्या नव्या तीनमजली इमारतीचा शेजार. पोरगा हुशार होता. पुढच्या भागाकडे बोट दाखवून म्हणाला, “काका, ही जागा एकदम बेस्ट. इथं सावलीचं नावच नाही.”

“मले माहीत आहे. पन आधी विचारा लागते.”

“कोणाला? घर तुमचंच आहे ना?”

“घर माहं आहे. ऊन गल्लीचं आहे,” साडू म्हणाले.

यात वेडेपणा काहीही नव्हता. उन्हाळा लागला की त्या गल्लीतल्या साऱ्या बाया कुरड्या, पापड, सांडगे साडूंच्याच गच्चीवर घालतात. बाकीच्या घरांवर कुठे टाकी आहे, कुठे पत्रे. ही वहिवाट साडूंच्या लग्नापासूनची. शेताची मोजणी करण्यापूर्वी आजूबाजूच्या शेतकऱ्यांना कळवून त्यांच्या हरकती ऐकायच्या असतात. साडूंनी तोच रिवाज घरी लावला. दारोदार जाऊन निरोप दिला आणि संध्याकाळी गच्चीवर सतरंजी अंथरली. मेहुणे म्हणतात, बायांनी साडूंना घेरले. खोटे आहे. बोलावलेल्या माणसांना ‘घेरले’ म्हणत नाहीत.

समोरच्या घरातल्या निवृत्त नर्सबाईंनी सर्वांच्या वतीने तोंड उघडले. “साहेब, तुमचं लाइटचं बिल कमी होते, आनंद आहे. पन आमच्या कुरड्या काय आमी फ्रीजमंदी वाळवाव?”

इंजिनिअरने पुढे होऊन तोडगा काढला. “मावशी, आपण पॅनेल उंच स्टँडवर लावू. खाली तुमची जागा मोकळीच राहील.”

“खाली मोकळी जागा, न् ऊन कुठी?” नर्सबाई म्हणाल्या. “ऊन तं तुह्या काचेवर. मंग कुरड्या काय काचेवर टाकाव?”

“काचेवर नका टाकू!” पोरगा दचकून ओरडला, आणि बाया इतक्या हसल्या की त्यातल्या एकीला उठताना हात द्यावा लागला.

इथपर्यंत मेहुण्यांची गोष्ट आणि माझी गोष्ट ढोबळमानाने एकच आहे. पुढचे त्यांना ठाऊक नाही, कारण पुढचे खालच्या खोलीत घडले. साडूंच्या घराचा जिना आतून आहे आणि तो ताईंच्या खोलीतून वर जातो. ताई म्हणजे त्यांच्या पत्नी, माझ्या बायकोची थोरली बहीण. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून त्या गच्चीवर गेलेल्या नाहीत. दारापर्यंतही क्वचित जातात. पण कुरड्यांच्या दिवसांत गव्हाचा शिजवलेला चीक घेऊन निघालेले प्रत्येक पातेले त्यांच्या खाटेपाशी थांबते. ताईंनी चाखून मीठ बरोबर आहे म्हटल्याखेरीज त्या गल्लीत कुणी साच्याला हात लावत नाही. पातेल्याबरोबर बाया टेकतात, सुनांची गाऱ्हाणी सांगतात, एकमेकींच्या उखाळ्यापाखाळ्या काढतात. आणि त्या काही आठवड्यांत ताईंचा आवाज रस्त्यापर्यंत ऐकू येतो. एरवी तो शेजारच्या खोलीतही येत नाही.

आम्ही खाली आलो तेव्हा ताईंनी विचारले, “काय ठरलं?”

“काई नाही. बाया हरकत घेऊन राहिल्या.”

“घ्याले काय जाते त्यायचं? द्या पुढचा भाग सोलरले. पोराची हौस आहे. बाया टाकतीन दुसरीकडे,” ताई म्हणाल्या आणि मुळीच न चुरगळलेली चादर हाताने सारखी करत राहिल्या. साडू त्या हाताकडे बघत उभे राहिले. मीही बघितले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला टेप धरायला लावला. सकाळपासून ऊन कलेपर्यंत आम्ही सावलीच्या कडेने खडूच्या रेघा ओढत होतो. दुपार उलटली तशी मागची इमारत गच्चीवर सरकू लागली आणि बघता बघता मागचा सगळा भाग तिने गिळला. पुढच्या भागाला तिचा स्पर्शही झाला नाही. हे साडूंनी स्वतःच्या हाताने मोजले, माझ्यादेखत. तिसऱ्या दिवशी सकाळी इंजिनिअर येण्यापूर्वी त्यांनी गच्ची धुवायला काढली आणि बादल्यांवर बादल्या ओतून खडूची एक रेघ शिल्लक ठेवली नाही.

“मांगच्या अंगाले लावा,” ते इंजिनिअरला म्हणाले.

“काका, तिकडे दुपारनंतर सावली येईल. वीज कमी बनेल.”

“येत नाही.”

“तुम्ही पाहिलं?”

“पाह्यलं नाही, मोजलं. माही उमर गेली मोजन्यात. तू मले शिकवू नको.”

ज्या माणसाने धुऱ्याची वीतभर जागा सोडवून देण्यासाठी कुणाची भीड ठेवली नाही आणि पंगतीतली वाकडी ओळसुद्धा ज्याला सहन झाली नाही, तो माणूस माझ्यासमोर मोजणीबद्दल खोटे बोलला, आणि बोलताना त्याने माझ्याकडे पाहिले नाही. पोरग्याने वयाला मान दिला. पॅनेले मागे लागली. वीज व्हायला हवी त्यापेक्षा कमी होते, आणि साऱ्या गणगोतात साडूंची हुशारी हा विनोदाचा विषय झाला आहे. ते कुणालाही उत्तर देत नाहीत. म्हणून मी देतो.

यंदाच्या उन्हाळ्यात मी अकोल्याला होतो. ताईंच्या खोलीत सकाळीच गर्दी होती, दोन पातेल्यांतून वाफा निघत होत्या, आणि ताई बायांना साडूंकडे बोट दाखवून सांगत होत्या, “यायनं जल्मभर लोकायचे वावरं मोजले, न् सोताच्या घरावरची सावली काई सापडली नाही! पोराचं सोलर सावलीत घातलं. काहून वो, खरं आहे का नाही?”

“खरं आहे,” साडू म्हणाले.

बाया खदखदून हसल्या. माझा संताप अनावर झाला. मी घसा साफ केला, तोंडही उघडले. साडूंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. तो त्यांनी दाबला नाही, नुसता ठेवला.

अचलपूरच्या मेहुण्यांशी मी अखेरपर्यंत भांडेन. पण त्या खोलीत मला एक शब्द बोलता आला नाही. ताईंची नजर आता अधू झाली आहे, छापलेले त्या वाचत नाहीत. म्हणून तर हे लिहायला धजलो.

ताईंनी बोट चाटून फर्मान काढले, “मीठ टाका थोडं.” मीठ पडले, पुन्हा चाखणे झाले, आणि बाया पातेली धरून जिना चढल्या. छतावर पावले वाजू लागली. ताई मान वर करून ऐकत होत्या, “ही नर्सबाई... ही तिची सून, नुसती धावते,” असे स्वतःशीच म्हणत होत्या. आणि साडू, कुणी विचारलेच तर आपण छताकडे बघत होतो असे सांगता यावे इतपत मान वर करून, त्यांच्याकडे बघत होते.