डबे आधी की दात

"मॅडम, जमनाबाईंची कवळी बाजूला ठेवा. आधी डबे."

डॉक्टरसाहेबांचा फोन होता, स्पीकरवर. माझ्या एका हातात तापवलेलं मेण, दुसऱ्या हातात जमनाबाईंचा खालचा जबडा. म्हणजे जबड्याचा प्लास्टरचा साचा.

"कोणते डबे, सर?"

"पॅसेंजरचे. चार. पुढच्या रविवारी पाहिजेत."

मी यवतमाळला डेंटल लॅब चालवते. लोकांना वाटतं, दात डॉक्टर बनवतात. डॉक्टर फक्त तोंडाचं माप घेतात. ते माप आमच्याकडे येतं आणि त्यावर कॅप, ब्रिज, कवळी आम्ही बनवतो. पेशंटची आणि आमची गाठ सहसा पडत नाही. बसमध्ये शेजारी बसलेल्या माणसाच्या तोंडात माझे दात असतात आणि तो मला सरकून बसा म्हणतो.

हे डॉक्टरसाहेब दारव्ह्याचे. माझ्या लॅबचं निम्मं काम त्यांचं. निम्मं काम देणाऱ्याला 'नाही' म्हणायची आमच्या धंद्यात पद्धत नाही. मी म्हटलं, "बघते, सर."

डब्यांची भानगड आधी सांगते. दवाखान्याच्या वरच्या खोलीत साहेबांनी छोटी रेल्वे मांडली होती. रूळ, सिग्नल, स्टेशन, भुशाची झाडं. त्यांचे भिडू विनायकराव, दिग्रसचे कापूस-जिनिंगवाले. दोघंही पन्नाशीच्या पुढचे. आमच्या भागात पूर्वी नॅरोगेज गाडी धावायची. ती बंद पडली, आणि मग या दोघांचं तिच्यावर प्रेम बसलं. ती चालू होती तेव्हा दोघांपैकी कुणी तिच्यात बसत नव्हतं. एसटी लवकर पोचायची.

मध्यंतरी एका कंपनीनं त्या गाडीच्या इंजिनाचं मॉडेल काढलं. डबे लवकरच येतील, असं सांगितलं. इंजिन आलं. डबे आले नाहीत. त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी कुणीतरी विचारायचं, "डब्यांचं काही कळलं का?" उत्तरादाखल दहाजण हात जोडायचे.

"नवरदेव मांडवात येऊन बसला अन् वऱ्हाडाचा पत्ता नाही," विनायकराव म्हणायचे.

दुसरे कुठले डबे लावले तर चालणार नाहीत का, असं मी एकदा विचारलं होतं. साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी एकाची कवळी दुसऱ्याला लावा म्हटलं. डबे मॅचिंगच पाहिजेत. तोच रंग, तोच पट्टा, तीच उंची.

आता रविवारी नागपूर-अमरावतीचे छंदवाले इंजिन बघायला दारव्ह्याला येणार होते. नुसतं इंजिन काय दाखवायचं? आणि माझ्याकडे थ्रीडी प्रिंटर आहे, हे साहेबांना माहीत होतं. रेझिन नावाचं पातळ द्रव्य असतं. त्यावर प्रकाश पडला की ते थराथरानं घट्ट होत जातं. त्यातून मी जबडे छापते. जबडा छापता येतो तर डबा का नाही, असा साहेबांचा सवाल होता. फाइल त्यांनी ओळखीच्या एका इंजिनिअरकडून करून घेतली होती. चाकं आधीच मागवून ठेवली होती.

डबे छापले. वीतभर लांबीचा डबा आडवा मावेना, म्हणून उभा छापला. खरी अडचण रंगाची होती.

इंजिन घेऊन विनायकराव स्वतः आले. टॉवेलात गुंडाळून, मांडीवर ठेवून. टेबलावर ठेवा म्हटलं तर म्हणाले, "राहू द्या, मी धरतो."

दाताचा रंग जुळवायला आमच्याकडे शेड गाइड असतं. पांढऱ्याच्या सोळा छटांचे नमुना दात एका पट्टीला लावलेले असतात. तोंडाजवळ धरायचे आणि जुळेल तो निवडायचा. इंजिन लाल होतं. लाल दातांची पट्टी कुणी काढलेली नाही. मी रेझिनच्या बारीक चकत्या केल्या, प्रत्येकीला वेगळा लाल दिला आणि आम्ही गच्चीवर गेलो. ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग उन्हात फसतो.

"हा पाहा, जुळला," मी म्हटलं.

"जरा विटकरी वाटून राह्यला."

"मग हा?"

"हा कुंकवावर जाते."

शेजारच्या गच्चीवर वहिनी मिरच्या वाळत घालत होत्या. त्या बराच वेळ आमच्याकडे बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "नेलपॉलिशचा धंदा काढला का वो?" विनायकरावांनी इंजिन टॉवेलात झाकलं. संध्याकाळपर्यंत आम्ही एका चकतीवर आलो.

या सगळ्यात जमनाबाईंची कवळी ट्रेमध्ये पडून होती. वरचे-खालचे सगळे दात मी मेणात लावून ठेवले होते. कवळी एकदम पक्की करत नाहीत. आधी मेणावर दात लावून पेशंटच्या तोंडात घालून बघतात. त्याला ट्रायल म्हणतात. ट्रायल झाली की मग मेणाच्या जागी ॲक्रिलिक भरून पक्कं करायचं. त्याला पूर्ण एक दिवस लागतो. साहेब ट्रायलची तारीखच देत नव्हते.

कवळीबरोबर आलेल्या चिठ्ठीवर साहेबांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, 'नातीचं लग्न, मंगळवार.' शुक्रवारी मी डबे घेऊन दारव्ह्याला जाणार होते. मी दवाखान्यातल्या सिस्टरला फोन केला आणि जमनाबाईंना शुक्रवारी बोलवायला सांगितलं. मेणातले दात पर्समध्ये घातले. साहेबांना काही बोलले नाही.

शुक्रवारी वरच्या खोलीत डबे रुळावर चढले. तीन रंगवलेले, चौथा रंगवायचा बाकी. बदामी, कोरा. रंग इंजिनाशी इतका जुळला होता की विनायकरावांनी खिशातून रुमाल काढला. साहेबांनी बटण फिरवलं. गाडी निघाली. सरळ रुळावर झकास गेली. वळणावर पहिला डबा कलंडला.

परत ठेवला. परत कलंडला. डब्यांची अदलाबदल केली. जो पुढे जाईल तो पडायचा.

"काय केलंत तुम्ही हे?" साहेब म्हणाले.

"सर, मी दात करते. दातांना वळण घ्यावं लागत नाही."

तेवढ्यात जिन्यावरून बांगड्या वाजल्या. सिस्टरनं खाली थांबायला सांगितलेल्या जमनाबाई वर येऊन दारात उभ्या होत्या. दिग्रस रोडवरच्या तांड्यातून काळीपिवळी जीपनं आलेल्या. सत्तरीची बाई, कोपरापर्यंत बांगड्या, गाल आत गेलेले. त्यांनी रुळांकडे बघितलं, आडव्या डब्याकडे बघितलं, मग डॉक्टरांकडे.

"दात कुठी हायेत माये?"

"आजी, दोन मिनिटं खाली बसा."

"मी कवापासून खालीच बसून राह्यलो. तुमी काय करून राह्यले?"

साहेबांनी डबा उचलून पुन्हा रुळावर ठेवला. जमनाबाई खुर्ची ओढून बसल्या. गाडी निघाली, डबा पडला. त्या हसल्या. दात नसलेल्या माणसाचं हसू फार मोठं दिसतं.

"डाक्टर," त्या म्हणाल्या, "तुमची गाडी जेवत नाही. मी जेवतो."

साहेबांचे कान लाल झाले. माझ्याकडे वळून म्हणाले, "यांना कोणी बोलावलं?"

"मी, सर. ट्रायल आत्ता झाली तरच उद्या कवळी पक्की होईल. मंगळवारी लग्न आहे."

"आणि चौथा डबा? तो उद्या रंगवायचाय."

"उद्या एकच होईल. कवळी किंवा डबा."

"मग डबा. कवळीचं सोमवारी बघू."

"सोमवारी ट्रायल झाली तर मंगळवारी दात मिळत नाहीत, सर. तुम्हाला माहीत आहे."

"मॅडम, तुम्हाला काम कोण देतं?"

याचं उत्तर आम्हा दोघांनाही माहीत होतं. घरभाडं, प्रिंटरचा हप्ता, सगळं एका क्षणात माझ्या डोळ्यांपुढून गेलं. मी चारही डबे उचलले, एकेक करून खोक्यात ठेवले आणि खोकं पर्सजवळ घेतलं.

"ट्रायल झाली की देते," मी म्हटलं.

 मग विनायकराव उठले. मला वाटलं, माझ्या बाजूनं बोलणार. ते खोक्याकडे बघत होते.

"डाक्टर, घेऊन टाका ना ट्रायल. बाई खरंच डबे घेऊन जाईन."

आम्ही खाली गेलो. साहेबांनी हातमोजे घातले आणि दात जमनाबाईंच्या तोंडात बसवले. एक सांगते, माणूस कामाला लागला की चांगला डॉक्टर आहे. ट्रायलमध्ये पेशंटला बोलायला लावतात. 'साठ, सत्तर, सहासष्ट' म्हणायला सांगतात, कारण 'स' नीट आला तर पुढचे दात बरोबर बसले असं धरतात.

"आजी, साठ म्हणा."

"साठ कायले म्हणू? मले गाणं म्हणाचं हाय."

मग त्यांनी सांगितलं. मीही त्यांच्यासारखीच बंजारा. आमच्या समाजात सासरी निघताना नवरी रडत-रडत लांब सुरात गाते. त्याला ढावलो म्हणतात. तो मोठ्या बायका शिकवतात. नातीला जमनाबाई शिकवत होत्या, पण दात काढल्यापासून अर्धे शब्द हवेतच जायचे.

"पोरगी तसंच शिकून राह्यली," त्या म्हणाल्या. "बिनदाताचं."

साहेब हसले नाहीत. म्हणाले, "बरं. गा."

त्यांनी खुर्चीत बसूनच सूर लावला. हलका, मेण निघणार नाही इतपत. मी स्वतः माझ्या लग्नात दोन ओळींनंतर अडकले होते आणि नुसतीच रडले होते. त्या पुढच्या ओळी मी पहिल्यांदा नीट ऐकल्या त्या दारव्ह्याच्या दवाखान्यात. सिस्टर दारात येऊन उभी राहिली.

मध्येच त्या थांबल्या. "शिट्टी वाजून राह्यली."

खरंच वाजत होती. मी मेण तापवून समोरचे दोन दात केसभर आत घेतले. परत गाणं. आता शिट्टी नव्हती. जमनाबाईंनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी "याडी" म्हटलं. आमच्या बोलीत आई.

हात धुताना साहेबांची नजर ट्रेमधल्या निळ्या कागदावर गेली. कॅप बसवल्यावर डॉक्टर तो दातांत धरायला लावतात. जिथे दात जास्त टेकतो तिथे निळा ठिपका उमटतो. तेवढं घासायचं. साहेब कागद आणि मी पुढे केलेलं खोकं घेऊन तसेच ओल्या हातानं वर गेले. चाक आणि डब्याच्या मध्ये कागद धरला, डबा हातानं वळणावरून नेला. डब्याच्या पोटाला निळा डाग. चाक तिथेच अडत होतं. त्यांनी दाताच्या ड्रिलनं चारही डब्यांचं तेवढं घासलं. गाडी वळणावरून गेली आणि विनायकरावांनी पुन्हा रुमाल काढला.

शनिवारी मी कवळी केली. रविवारी सकाळी दारव्ह्याला जाऊन दिली. जमनाबाईंनी पिशवीतून भाकरीचा कडक तुकडा काढला, चावला आणि कुणाशी न बोलता सगळा खाल्ला. मंगळवारच्या लग्नात नातीनं ढावलो पूर्ण म्हटला. मी जेवायला गेले होते.

त्याआधी रविवारी दवाखान्याच्या वर पाहुण्यांपुढे गाडी धावली. तीन डबे लाल, चौथा बदामी. नागपूरच्या एका गृहस्थांनी विचारलं, हा असा का?

"वर्कशॉपमधून तसाच निघालता," विनायकराव शांतपणे म्हणाले. "लई रेअर हाय." पाहुण्यांनी त्याचेच फोटो जास्त काढले.

त्यानंतर महिनाभर साहेबांचं काम आलं नाही. ते नागपूरच्या लॅबला जात होतं. मी प्रिंटरच्या हप्त्यासाठी पांढरकवड्याच्या दवाखान्यांत फिरले, दोन नवे डॉक्टर जोडले. मग एक दिवस कुरिअर आलं. तीन कॅपची मापं आणि कापसात गुंडाळलेला चौथा डबा. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'सवडीनं.' नागपूरच्या लॅबला डबे रंगवता येत नसावेत.

आता कंपनीनं खरे मॅचिंग डबे काढलेत. दोघांनी पूर्ण सेट मागवला. डब्यांचा लाल इंजिनापेक्षा गडद निघाला. ग्रुपवर आता रोज सकाळी विचारतात, त्या डब्यांना मॅचिंग इंजिन कधी येणार. दहाजण हात जोडतात. सगळे मजेत आहेत.

यातून मी एवढंच शिकले. छंदवाल्या माणसाला वाट बघायची सवय असते, त्याला निवांत बघू द्यावी. तो रागावतो, पण उपाशी राहत नाही.