म्हातारा नर कसा ओळखावा

आमच्या कंपनीत इकाम्याची, म्हणजे इथे राहण्याच्या परवान्याची, कागदपत्रं बघणारा कुवेती माणूस फार गोड बोलतो, आणि मला त्याची भीती वाटते. साठीला आलेल्यांपैकी कुणाला ठेवायचं आणि कुणाला घरी पाठवायचं, हे त्याच्या शेऱ्यावर ठरतं.

दर थंडीत तो भावांना घेऊन अमेरिकेत मेहुण्याच्या शेतावर हरणांच्या शिकारीला जातो. परतला की मोबाइलवर फोटो दाखवतो. "छोटा कभी नहीं मारता, सदीक," तो मोडक्या हिंदीत सांगतो. सदीक म्हणजे मित्र. तो सगळ्यांनाच म्हणतो. "सींग मत देखो, चाल देखो." म्हाताऱ्या नराची मान जाड, पाठ मध्येच खचलेली, पोट सुटलेलं, पाऊल जड. हे मला आता पाठ झालंय. एका फोटोवर मात्र त्याचं बोट थांबतं. "भाई बोला, मारो. मैंने इस साल छोड़ दिया."

बोलताना तो डोळे बारीक करतो. दारातून कुणी आत आलं, तरी तसेच करतो.

मला परवाच साठावं लागलं. केस काळे करून, पोट आत ओढून मी इकामा रिन्यू करायला गेलो. त्यानं कागद हातात घेतलेच नाहीत. "एक कॉपी लाओ," म्हणाला. झेरॉक्सचं मशीन हॉलच्या दुसऱ्या टोकाला होतं. मी जाऊन येईपर्यंत तो माझ्या गुडघ्यांकडे बघत होता.

मग त्यानं सही केली आणि हसला. "इस साल छोड़ दिया, सदीक."

मी शुक्रान म्हणालो, आणि लिफ्टचं दार बंद होईपर्यंत लंगडलो नाही.