कोट न घातलेला मामा

आमची संत्र्याची बाग बाबांनी स्वतःच्या हातानं तोडली. शेंदूरजनाघाटच्या शिवारात तेव्हा एकेक विहीर आटत चालली होती. दोन वर्षं टँकरचं पाणी घालून झाडं जगवली, तिसऱ्या वर्षी बोअरमधून नुसती हवा यायला लागली. वाळलेली झाडं जळतणाच्या भावानं गेली. मी अकरावीत होते. ट्रॅक्टरवर ओंडके चढत होते आणि आई घरात भाकरी थापत बसली होती. थापतच राहिली. खाणारे चार, मी, आई, बाबा आणि मदतीला आलेला मामा, आणि भाकरी पंधरा-सोळा झाल्या. 

जेवताना मामाच बाबांना म्हणाला, "दाजी, झाडं गेली तं गेली. पोरीचं कॉलेज बंद केलं तं माह्या दारात येऊ नका."

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही अमरावतीला आलो. राजापेठेत एका शिकवणी वर्गाच्या मागं टिनाची एक खोली मिळाली. बाबा धान्याच्या बाजारात काट्यावर उभे राहू लागले, आई वर्गातल्या पोरांचे डबे करू लागली. ज्या माणसाच्या बागेतून ट्रक भरून जायचे, तो दुसऱ्याच्या पोत्याचं वजन ओरडून सांगायचा आणि संध्याकाळी घसा बसलेला घेऊन यायचा. त्या खोलीत राहून मी बी.एस्सी. झाले. आमच्या दोन्ही घराण्यांत पहिली. हे मी संधी मिळेल तिथं सांगते आणि सांगत राहीन.

मामानं मात्र निकाल पाहिला नाही. मार्गशीर्षात काविळीनं गेला. निकाल त्यानंतर पाच महिन्यांनी लागला.

मामा गेल्यावर मामीच्या लक्षात आलं की घरात त्याचा एकही फोटो नाही. शेतात राबणाऱ्या माणसाला कोण स्टुडिओत नेऊन बसवतो? एका चुलतबहिणीच्या लग्नातला ग्रुप फोटो तेवढा सापडला. मामा मधल्या रांगेत उभा, डोकं तुरीच्या दाण्याएवढं. मामीनं तो तालुक्याच्या एका स्टुडिओत दिला आणि मोठा करून मागितला. पंधरा दिवसांनी फोटो आला. मामाचा चेहरा घासून गोरा केलेला, अंगात काळा कोट, गळ्यात लाल टाय, आणि मागं बर्फाचा डोंगर.

मी भेटायला गेले तेव्हा मामीनं तो भिंतीकडं तोंड करून ठेवला होता.

"हा कोन्या ब्यांकेचा साहेब आनून देला मले?" मामी म्हणाली. "याले हार घालू का मी? माही तं याच्याशी ओळखबी नाई."

मला हसू आलं, पण मामी हसत नव्हती. मामानं जन्मभर खांद्यावर दुपट्टा टाकला. उन्हात तोच डोक्याला, जेवण झालं की तोच तोंड पुसायला. मामी म्हणाली, "वर्षश्राद्धाले मले माहा मानूस पायजे. असा नाई, होता तसा."

मी म्हटलं, मी देते. म्हणताना कसं देणार ते मला ठाऊक नव्हतं.

कॉम्प्युटर माझ्याकडं होता. शिकवणी वर्गाच्या सरांची आठवीची पोरं मी शिकवायचे, त्याच्या बदल्यात त्यांनी वर्गातला जुना कॉम्प्युटर मला दिला होता. स्कॅनरही त्यांच्याकडं होता. ग्रुप फोटो स्कॅन करून मामाचा चेहरा पडद्यावर मोठा केला तेव्हा तो खरंच मामा होता, डाव्या भुवईतली विळ्याची जुनी खूण दिसण्याइतका. पडद्यावरचा मामा कागदावर आणायचा होता, आणि परत कोणत्याही स्टुडिओत द्यायची माझी तयारी नव्हती. मी घरीच प्रिंटर घ्यायचं ठरवलं. नोकरीच्या प्रत्येक अर्जाला फोटो लागायचा आणि राजापेठेत अर्ज भरणाऱ्या पोरापोरींना तोटा नव्हता. मशीन बसून राहणार नाही, एवढा हिशेब मला येत होता.

बाबांना पटलं नाही. "फोटोले इस्टुडिओ हायेत ना गल्लीगल्लीत. तू काहून मशीन घेऊन राहिली?"

"त्यांनी मामाले कोट घालून देला, बाबा."

बाबांनी खांद्यावरचा दुपट्टा सारखा केला. "मंग घे," म्हणाले.

सरांनीच सांगितलं की अकोल्याला जुन्या शहरात एक म्हातारे चाचा प्रिंटर दुरुस्त करतात आणि विकतातही, आणि घेण्याआधी छापून दाखवतात. मी बसनं अकोल्याला गेले. मोर्णा नदीचा पूल ओलांडून बांगड्यांच्या दुकानांच्या गल्लीत त्यांचं दुकान सापडलं. अर्ध्या दुकानात प्रिंटर उघडे पडले होते, चाचांची बोटं निळी.

"मशीन बाद में पाहू, बेटा," चाचा म्हणाले. "पहले मले हे सांग, फोटो छापून जानार कुठं?"

"भिंतीवर."

"भिंतीवर कसा? काचेत?"

"हो, काचेतच." मी क्षणभरही विचार केला नाही.

चाचांनी दोन मशिनींवर तोच एक नमुना छापून माझ्यासमोर ठेवला. एका मशिनीची शाई पाण्यात विरघळलेल्या रंगाची, दुसरीची बारीक भुकटीची. पहिल्यावर माणसाचे गाल जिवंत वाटत होते. दुसऱ्यावर तोच माणूस थोडा उतरलेला, उन्हातून आल्यासारखा. दुसऱ्यावर टकटक करत चाचा म्हणाले, "काच नसन तं हे घेजो. रंग थोडा कमी, मगर जान जास्त."

माहितीपत्रक मी बसमध्ये दोनदा वाचलं होतं. कोणती मशीन किती बारीक ठिपके टाकते ते मला तोंडपाठ होतं. मी म्हटलं, "चाचा, मी बी.एस्सी. आहे. मला कळतं. पहिलीच द्या."

"बी.एस्सी. म्हनल्यावर मंग काय," असं म्हणून चाचा खोकं बांधायला लागले.

पहिला फोटो मी कागदाच्या उलट्या बाजूवर छापला. शाई थेंबाथेंबानं उभी राहिली, आणि बाबांनी ती घाईघाईनं दुपट्ट्यानं टिपली. तो निळा डाग पुढं कधी गेला नाही. हळूहळू जमायला लागलं. टिनाखाली शाई वाळून नळ्या बंद पडायच्या, म्हणून रोज सकाळी रंगांची एक पट्टी छापायची सवय लावून घेतली. वर्गातल्या मुली भिंतीवरच्या पांढऱ्या चादरीपुढं बसायच्या, सरांच्या कॅमेऱ्यानं मी फोटो काढायचे, एका कागदावर आठ बसवायचे, आणि बाबा काट्यावरून आले की हात धुऊन ते कापायला बसायचे. मला कापू द्यायचे नाहीत. "तू तिरपं कापतं," म्हणायचे.

मामाच्या फोटोला दीड महिना लागला. जास्त मोठा केला की चेहऱ्याचे चौकोन पडायचे, म्हणून वहीच्या पानाएवढाच ठेवला. रंग उजळायचा मोह झाला, तो आवरला. भुवईची खूण ठेवली, दुपट्टा ठेवला. मामाच्या खांद्यावर मागून कोणाचा तरी हात आला होता. तो पुसला तर दुपट्ट्याची घडी जायची, म्हणून हातही राहू दिला. कोणाचा हात ते कोणालाच सांगता आलं नाही.

वर्षश्राद्धाच्या दिवशी मी फोटो चौकटीत, काचेत बसवून नेला. मामीनं तो दोन्ही हातांत धरून उजेडाला नेला आणि बराच वेळ पाहिला. "थोच हाय," म्हणाली. "दुपट्टाबी थोच."

आणि तिनं चौकट उलटी केली, मागचे खिळे सुरीनं वर केले आणि फोटो बाहेर काढला.

आमच्याकडं असंच करतात. वर्षश्राद्धाला आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, फोटो काचेतून काढतात, पाटावर ठेवतात आणि बोट ओलं करून कपाळाला गंध लावतात. गंध माणसाला लावायचं असतं, काचेला नाही. मी लहानपणापासून हे पाहत आले होते. आजोबांच्या फोटोचे खिळे दरवर्षी मीच काढून द्यायचे. तरी अकोल्यात चाचांनी विचारलं तेव्हा मी "काचेतच" असं सांगून मोकळी झाले होते.

मी हात पुढं करेपर्यंत मामीचं बोट टेकलं होतं. गंधाच्या पाण्याचा ओघळ कपाळावरून निघाला आणि बरोबर रंग घेऊन आला, आधी तपकिरी, मग निळसर. नाकावरून ओठापर्यंत. मामी घाबरली आणि तिनं पदरानं पुसलं. डावा डोळा भुवईसकट पदरावर गेला.

मामाचा चुलतभाऊ भिंतीला टेकून बसला होता. "बी.एस्सी.चा फोटो हाय," तो म्हणाला. "अभ्यास कच्चा राह्यलेला दिसते."

दोघं-तिघं हसले. ते मी ऐकून घेतलं. मामी बोलली ते मात्र ऐकवलं नाही. ती पदराकडं बघत हळूच म्हणाली, "कोटवाल्याले तं पान्यानं काई झालं नसतं."

शेवटी त्या दिवशी पाटावर नुसती सुपारी मांडली.

परत येताना बसमध्ये मी रडले नाही. माझा राग चाचांवर नव्हता आणि मशिनीवरही नव्हता. मशीन जे करते तेच तिनं केलं होतं. चुकले होते मी, आणि मामाचा चेहरा अजून कॉम्प्युटरात शाबूत होता. मी आईला सांगितलं, आखाजीला मी परत जाणार.

मी पुन्हा अकोल्याला गेले तेव्हा चाचांनी सगळं ऐकून घेतलं. हसले नाहीत. "हमारे यहाँ फोटोले कोनी पानी लावत नाई, बेटा," ते म्हणाले. "म्हनून मले ते सुचलं नाई. मगर मी विचारलं होतं."

"विचारलं होतं, चाचा. मी उत्तर चुकीचं दिलं."

या वेळी मी माहितीपत्रक आणलं नव्हतं. पिशवीत गंधाची डबी, कुंकू, हळद आणि पाण्याची बाटली होती. चाचांच्या काउंटरवर मी सगळं मांडलं. भुकटीच्या शाईच्या मशिनीवर तीन कागदांवर तोच चेहरा छापून घेतला आणि वाळू दिला. मग बोट बुडवून एकेका कपाळाला लावलं. एक गिऱ्हाईक दारातच थांबलं आणि चाचांना म्हणालं, "दुकान में शादी हाय का?"

"इम्तिहान हाय," चाचा म्हणाले. "बी.एस्सी. के बाद का."

चकचकीत कागदावर शाई टिकली, पण पुसताना चरे पडले. मॅट कागदावर शाई टिकली आणि कुंकूही टिकलं. कितीही पुसलं तरी कपाळ लालच. मधला एक कागद होता, अर्धवट चमकीचा, अंगाला प्लास्टिकचा पातळ थर असलेला. त्याच्यावरून गंधही निघालं, कुंकूही निघालं, आणि चेहरा जागेवर राहिला. चाचांनी लॅमिनेशनही सुचवलं. मी नको म्हटलं. रेशनकार्डासारख्या मामाला मामीनं हात लावला नसता.

चाचांनी माझी मशीन परत घेतली आणि वरचे थोडे पैसे घेऊन दुसरी दिली. घरी आल्यावर मी आणखी दोन महिने तपासत राहिले. मामाच्या फोटोच्या पट्ट्या टिनावर उन्हात ठेवल्या, समईच्या तेलाचा हात लावला, रात्रभर ओल्या फडक्यात गुंडाळल्या. बाबा रोज विचारायचे, "आज मेव्हन्याचं काय केलं?" मी सांगायचे, आज उन्हात ठेवला, आज तेल लावलं. एक दिवस त्यांनीच एक पट्टी उचलली, नळाखाली धरली, दुपट्ट्यानं पुसली आणि पाहिली. "आता छाप," म्हणाले.

रंग पहिल्याइतका उजळ नव्हता. मामा जरा उन्हातून आल्यासारखा दिसत होता. तो तसाच दिसायचा.

आखाजीला मामीच्या घरी घागर भरली होती, घागरीवर खरबूज ठेवलं होतं. मी फोटो दिला. तिनं पाहिला. खिळे काढून फोटो पाटावर ठेवला. वाटीत बोट बुडवलं, दुसऱ्यांदा बुडवलं, आणि माझ्याकडं बघत बघत कपाळाला टेकवलं. पाणी नाकापर्यंत आलं. मामाचा चुलतभाऊही वाकून पाहत होता. पाणी पिवळं होतं, गंधाचं. मामीनं पदर घेतला, थांबली, आणि पुसलं. पदर पिवळा झाला. भुवई तिथंच होती, खुणेसकट.

"अजून लावून पाय," मी म्हटलं.

"गप बस," मामी म्हणाली. "मानसाले किती डाव भिजवतं?"

चुलतभाऊ सरळ बसला. थोड्या वेळानं त्यानं मला विचारलं, "आमच्या मायचा एक फोटो हाय फाटका. होइन का वं?" मी म्हटलं, घेऊन या. टोमणा परत करायची ती वेळ होती, पण मी तो परत केला नाही. काम मोठं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामीनं ओल्या फडक्यानं फोटो पुसला, वाळवला, परत काचेत घातला आणि समोरच्या भिंतीला लावला. स्टुडिओतला फोटो तिनं बर्फाच्या डोंगरासकट धान्याच्या कोठीमागं टाकला.

मामीच्या घरात मामाचा फोटो लागला. दुपट्टा घेतलेला, भुवईवर खूण असलेला. तो मी राजापेठेतल्या आमच्या खोलीत छापला. वर्षातून दोनदा तो काचेतून बाहेर येतो, कपाळाला गंध लागतं, पुसलं जातं, आणि मामा परत भिंतीवर जातो.