कपाटातलं दगडफूल

शहाण्या माणसांत नोकरी केली की किस्से गोळा करावे लागत नाहीत, आपोआप साठतात. मी कोल्हापुरात एका कॉलेजच्या वनस्पती विभागात शिपाई होतो. सातवी शिकलो. तेवढं पुरलं!

विभागात हर्बेरियम आहे, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींची कपाटं. आमच्या मॅडम समुद्रकाठच्या खडकांवरचं दगडफूल जमवायच्या. बघणाऱ्याला नुसता काळा नाहीतर पिवळा डाग दिसतो. ते खडकावरून सुटत नाही, म्हणून छिन्नीनं खडकाचा तुकडाच काढून आणायचा. छिन्नी माझ्या हातात, कौतुक मॅडमचं.

*

बायकोनं चटणी करायला घेतली होती. मसाल्याला दगडफूल नव्हतं.

"कॉलेजात कपाटं भरून हाय म्हणता, मग चिमूटभर आणा की!"

"ते खायचं न्हाय."

"मग ठेवलंय कशाला?"

हे मी मॅडमना विचारलं. त्यांनी तासभर सांगितलं. घरी जाताना मी बाजारातून आणलं.

*

मालवणला मॅडम खडकावर पालथ्या पडून, डोळ्याला भिंग लावून बघत होत्या. एका मच्छीमारानं मला विचारलं, "बाईंची अंगठी पडली काय?"

"न्हाय. डाग बघत्यात."

त्यानं आपल्या होडीकडं बोट केलं. मग म्हणाला, "डाग माझ्या होडीवर पण आसत. येवा!"

*

परत येताना एसटीत पिशवी कंडक्टरच्या पायाला लागली.

"पावणं, काय हाय यात?"

"दगड."

"कोल्हापुरातलं संपलं व्हय?"

"न्हाय. ते खुर्च्यांवर बसल्यात."

*

प्राचार्यांना हर्बेरियमच्या खोलीत जिम करायची होती. "मॅडम, दगड अंगणात ठेवले तर पळून जाणार आहेत काय?"

मॅडमची पंधरा वर्षं त्या कपाटांत होती. ठरलं असं, की बाहेरची कमिटी येईल, संग्रह बघेल आणि खोलीचा निकाल देईल.

*

कमिटीच्या दिवशी कागलला हायवेवर मी आणि मॅडम कमिटीच्या मोठ्या साहेबांना आणायला गेलो. गाडीत साहेब म्हणाले, "बाकी कॉलेज राहू दे. मी तुमचं दगडफूल बघायला आलोय." मॅडम आठवड्यात पहिल्यांदा हसल्या.

इकडं प्राचार्यांनी कॉलेज चमकवायला माणसं लावली होती. कुंड्या, रांगोळी, सगळं! हर्बेरियमच्या टेबलावर पांढरं कापड, त्यावर मॅडमचे दगड ओळीनं मांडलेले. चकचकीत.

साहेबांनी एक उचलला. भिंग लावलं. उलटा करून बघितला. दुसरा उचलला. मॅडमनी खुर्ची घट्ट धरली.

"प्राचार्य, यावरचं दगडफूल कुठं आहे?"

"काढून टाकलं की साहेब! तारेच्या ब्रशनं. लई चिकट होतं!"