गोविंदरावांच्या आधी

त्या वर्षी मला देवासमोर बसणं जमेनासं झालं होतं. निरांजन लावायचे, डोळे मिटायचे आणि लगेच उठून गॅस बंद आहे का ते बघायला स्वयंपाकघरात जायचे. गॅस बंदच असायचा. परत येऊन बसले की दाराची कडी आठवायची. शाळेतल्या नोकरीत असताना नेहमी म्हणायचे, निवृत्त झाले की सावकाश पूजा करीन. वेळ हाताशी आला तेव्हा मन जागेवर राहीना. खरं सांगायचं तर वरती कोणी ऐकतंय, यावरचा माझा विश्वासच उडत चालला होता, आणि आमच्या गल्लीत हे बोलून दाखवावं असं कोणी नव्हतं.

याचं कारण माझे थोरले भाऊ, अण्णा. यजमान गेल्यापासून मी त्यांच्याच घरी राहते, तंजावूरच्या राजवाड्यामागे. वहिनी आधीच गेल्या, मुलगा परदेशी, त्यामुळे घरात आम्ही दोघंच. आमची माणसं मराठे राजांच्या वेळेपासून इथे आहेत. घरात अजून मराठी बोलतो, पण ती तिकडच्या माणसांना जुनाट वाटावी अशी, वर तमिळचा हेल. देवनागरी मी मोठेपणी शिकले, तेव्हा लिहिण्यात चुकलं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

नात्यातल्या एका लग्नात, पंगती उठल्यावर, मूळ गावांच्या गोष्टी निघाल्या. कोणी सांगितलं आम्ही साताऱ्याकडचे, कोणी सांगितलं आमची देवी तुळजापूरची. अण्णांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, आमच्यात आता कोणाला ठाऊक नाही. एक व्याही हसत म्हणाले की मुळाचा पत्ता नाही असं कूळ कसं असेल. मनात वाईट धरून बोलले नव्हते. अण्णाही हसले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मोठा कागद घेऊन वंशावळ मांडायला बसले.

मग घराला ते वेडच लागलं. अण्णा नातेवाइकांकडे जाऊन म्हाताऱ्या माणसांना नावं विचारायचे. राजवाड्यातल्या ग्रंथालयात मोडी कागद आहेत, ते एका जाणत्या गृहस्थांकडून वाचून घ्यायचे. एकेक पिढी करत ते गोविंदरावांपर्यंत पोचले. रामेश्वरला जाणाऱ्या यात्रेकरूंसाठी राजांनी वाटेवर अन्नछत्रं बांधली होती, त्यांतल्या एका छत्रात हे गोविंदराव स्वयंपाकी होते. छत्राच्या कागदांत बाकीच्या नोकरांपुढे बापाचं नाव, गोत्र, देशातलं गाव, सगळं लिहिलेलं. गोविंदरावांपुढे फक्त छत्र होतं त्याच, कावेरीकाठच्या खेड्याचं नाव होतं. बाप नाही, गोत्र नाही. अण्णांनी ते मान्य केलं नाही. लिहिणाऱ्याने आळस केला, ते म्हणाले, गाव देशावरचंच असणार, आपण काढू शोधून.

शोधून काढायच्या आधीच त्यांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. थोडे शब्द परत आले, त्यांतला एकच स्पष्ट होता. “कोठें?” सकाळी मी तोंड धुवायला पाणी नेलं की “कोठें?” भात भरवायला बसले की घास बाजूला सारून “कोठें?” डॉक्टर म्हणाले असं होतं, एखादा शब्द अडकून राहतो, त्याला अर्थ असेलच असं नाही. मला मात्र ते काय विचारतायत ते कळत होतं. ज्या माणसाने बाप गेल्यावर मला शिकवलं, माझं लग्न करून दिलं, तो अंथरुणाला खिळून एकच प्रश्न विचारत होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी महाराष्ट्रातल्या तीर्थांच्या उपाध्यायांना पत्रं लिहिली, फोन केले. तुमचं गाव सांगा, म्हणजे तुमच्या कुळाची वही काढतो, असं ते म्हणायचे. गावच तर हवं होतं. रात्री झोप नाही, दिवसा पायाला विसावा नाही. देवाला मी नवस बोलले, मग रागावले, मग बोलणंच सोडलं.

शेवटी त्या खेड्याला जाऊन आले. छत्राच्या जागी पडकी भिंत आणि बाभळी. देवळातल्या गुरुजींना काही माहीत नव्हतं, पंचायतीतल्या माणसाने चहा देऊन परत पाठवलं. आणखी एकदा गेले, तेव्हाही तेच. पुन्हा जायचं नाही असं ठरवलं होतं. पण आडी महिन्यातल्या, म्हणजे आषाढाच्या सुमाराच्या, एका शुक्रवारी अण्णांनी सकाळचा दूधभातही थुंकून टाकला, आणि मला त्या घरात श्वास घेता येईना. शेजारणीला त्यांच्याजवळ बसवलं आणि बस स्टँडवर आले. कुठे जायचं ते ठरलं नव्हतं. समोर त्या खेड्याची बस उभी होती, तीत चढले.

कालव्याला नुकतं पाणी सोडलं होतं. गावाच्या अलीकडे रस्ता खचला होता म्हणून कंडक्टरने सगळ्यांना उतरवलं. बाकीचे लोक ओळखीच्या वाटांनी पांगले. मी शेताच्या बांधावरून निघाले आणि चुकले. दोन्ही बाजूंना रोपांची हिरवीगार खाचरं, डोक्यावर ऊन, सावलीला झाड नाही. थोड्या वेळाने डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी कालव्याच्या कडेला बसले. देवाचं नाव घेतलं असं म्हणायला आवडलं असतं, पण घेतलं नाही. मनात एवढंच आलं की आता मला पुढेही जाता येत नाही आणि मागेही, काय व्हायचं ते होऊ दे. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा डोकं रिकामं झालं होतं.

तेवढ्यात मोपेडवरून एक तरुण बाई आली. मला बघून थांबली. कुठून आलात, बरं नाही का, असं काहीच तिने विचारलं नाही. तमिळमध्ये म्हणाली, “चला अम्मा, सासूबाई वाट बघतायत.” ती माणूस ओळखण्यात चुकली असं वाटून मी सांगितलं की मी तुमच्या ओळखीची नाही. ती म्हणाली, “म्हणूनच तर.” आणि माझी पिशवी घेऊन तिने पुढे अडकवली. मी मागे बसले.

घर जवळच होतं, कौलारू, पुढे रुंद ओटा. दारात तिची सासू उभी होती, चेल्लम्मा नावाची, पिकलेल्या केसांची उंच बाई. तिने मला पाणी दिलं, पाय धुवायला लावले आणि मग सांगितलं. आज त्यांच्या घरातल्या देवीचा दिवस होता. या दिवशी वाटेने जाणाऱ्या अनोळखी बाईला जेवू घालायचं, ही त्यांच्या घरची चाल. सून सकाळपासून रस्त्यावर बघत होती, पण रस्ता बंद, कोणी येईना. मी विधवा आहे, पूजेच्या घरात मला बसवू नका, असं मी म्हणाले. चेल्लम्मा म्हणाली, “या देवीला ते चालतं. ती स्वतःच अनोळखी होती.”

आतल्या खोलीत मूर्ती नव्हती. पितळी कलशाला नऊवारी सुती साडी गुंडाळलेली, वर मोगरा. घरात अकाली गेलेल्या बाईला देवी मानून वर्षाकाठी साडी आणि पान ठेवायचं, अशी चाल इकडच्या पुष्कळ घरांत आहे, त्यामुळे मला नवल वाटलं नाही. केळीच्या पानावर भात, सांबार, वडे, पायसम होतं. आणि एका कोपऱ्यात घट्ट पिठलं. मी तिकडे बघत राहिले. सून हसून म्हणाली, हे आमच्यात कोणालाच आवडत नाही, पण आज करावंच लागतं.

मग चेल्लम्मा कलशापुढे बसली, पानावरचा एक घास उचलून पुढे धरला आणि हळू आवाजात काहीतरी म्हणाली. आजारी माणसाची समजूत घालावी तसा सूर. “सेवु पायी. लेगुरु सुगी.” पुन्हा तेच, पुन्हा तेच. मंत्र असेल म्हणून मी हात जोडले. तिसऱ्या खेपेला माझे हात तसेच राहिले. ते तमिळ नव्हतं, संस्कृतही नव्हतं. तमिळ जिभेवर झिजून गेलेली ती माझ्या घरची भाषा होती. जेव बाई. लेकरू सुखी.

मी विचारलं, ही देवी कोण. चेल्लम्माने सासूकडून ऐकलेलं सांगितलं, तिच्या सासूने तिच्या सासूकडून ऐकलेलं. छत्र चालू होतं त्या काळी उत्तरेकडून यात्रेकरूंचा एक तांडा आला. त्यांच्यात तापाने फणफणलेली एक बाई होती, कुशीत तान्हा मुलगा. सोबतची माणसं साथीला भिऊन पुढे निघून गेली. या घरच्या बाईने तिला आपल्या ओट्यावर आणून निजवलं. स्वतःचंही मूल अंगावर पीत होतं, त्याच्याबरोबर त्या मुलालाही पाजलं. आजारी बाई काही खाईना, सारखी मुलाकडे हात करायची. तिची भाषा कोणाला येईना. तेव्हा या घरची बाई छत्रात गेली आणि तिथल्या लोकांकडून ते शब्द शिकून आली. ते ऐकले की ती एखादा घास घ्यायची. शेवटी ती गेली. मूल या घरात रांगलं, चालू लागलं, मग छत्रातल्या स्वयंपाक्याने आपल्या भाषेचं म्हणून त्याला नेलं. पुढे छत्र बंद पडलं, माणसं तंजावूरकडे गेली. त्यानंतरचं कोणाला माहीत नाही.

“शब्द तेवढे राहिले,” चेल्लम्मा म्हणाली. “अर्थ कोणी सांगितला नाही.”

मी अर्थ सांगितला. मग अण्णांची वंशावळ सांगितली, छत्रातले गोविंदराव सांगितले, त्यांच्या नावापुढे बापाऐवजी याच गावाचं नाव आहे, तेही सांगितलं. चेल्लम्माने कलशावरचा मोगरा सारखा केला. मग तिने मला विचारलं, “इतकी वर्षं आम्ही तिला हे सांगत आलो. ते खरं होतं का?”

शाळेत मी गणित शिकवत असे. पुरावा कशाला म्हणतात ते मला कळतं. त्या छत्रात आणखीही पोरकी मुलं आली असतील, गोविंदराव त्यांतलेच कोणी असतील, हे मला तेव्हाही सुचलं आणि आजही सुचतं. पण ती म्हातारी माझ्याकडे बघत होती, आणि मला वाटलं की तिच्यामागून आणखी कोणीतरी बघतंय. मी म्हणाले, “खरं होतं, अम्मा. लेकरू मोठं झालं. त्याला मुलं झाली, नातवंडं झाली. आम्ही आहोत.”

तिने माझ्यापुढे पान मांडलं. मी पिठलं सगळं खाल्लं.

अण्णांना सांगताना मला भीती वाटत होती. त्यांना हवं होतं देशावरचं गाव, गोत्र, नाव सांगता येईल अशी देवी. मी घेऊन आले होते एका बाईची गोष्ट, जिचं नावसुद्धा कोणाला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या अंथरुणाशी बसून सगळं सांगितलं. ते छताकडे बघत ऐकत होते. माझं सांगून झाल्यावर डावा हात उचलून त्यांनी माझा हात धरला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. खूप वेळ ओठ हलत राहिले, आणि मग एक नवा शब्द आला. “जेवली?”

मी म्हणाले, “जेवली, अण्णा. दरवर्षी जेवते.”

अण्णा बरे झाले, असं मी लिहिणार नाही. उजवा हात अजून तसाच आहे, बोलणं थोडंफार सुधारलं. पण “कोठें” गेलं, आणि घास परतवणं थांबलं. पुढच्या आडीत आम्ही गाडी करून त्या घरी गेलो. अण्णांना ओट्यावर बसवलं. चेल्लम्माने मला म्हणायला सांगितलं, तुझी भाषा आहे, तू नीट म्हण. मी नको म्हणाले. त्या देवीने इतकी वर्षं ज्या उच्चारात ऐकलं त्याच उच्चारात तिला ऐकायचं असेल, असं मला वाटलं. चेल्लम्मानेच म्हटलं, आणि आम्ही दोघं भावंडं हात जोडून ऐकत राहिलो.

देव ऐकतो का, हा प्रश्न मी आता सोडून दिला आहे. मी त्याला हाका मारत होते, भांडत होते, तेव्हा माझ्या जन्माच्याही कितीतरी आधीपासून एका परक्या घरात आमच्यासाठी घास उचलला जात होता. त्यांनी आमचं नाव विचारलं नाही, कूळ विचारलं नाही. मला करायचं होतं ते एवढंच, कालव्याच्या कडेला हात टेकून बसायचं आणि कोणी न्यायला आलं तर मुकाट्याने मागे बसायचं. मन अजूनही सैरभैर होतं, नाही असं नाही. सकाळी निरांजन लावून बसले की पाय उठायला बघतात. मग मी हात जोडते, त्या घरच्या पहिल्या बाईला, जिने दुसरीच्या लेकराला अंगावर घेतलं. गॅस बघायला उठायचं राहून जातं.