तिसऱ्या डोहाचा राखणदार

अजय गेला तेव्हा दीपिका रडली नाही. मूल गावाहून चंद्रपूरला जाताना जंगलाच्या पट्ट्यात रानडुक्कर त्याच्या मोटारसायकलला आडवं आलं. घरी निरोप पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. घर माणसांनी भरलं आणि रिकामं झालं. तेरवी झाल्यावर ती पुन्हा सेतू केंद्रात जाऊन लोकांचे उत्पन्नाचे दाखले टाइप करू लागली. शेजारच्या बाया तिच्या आईला विचारायच्या, पोरगी अशी काऊन झाली. आई म्हणायची, तिचा स्वभावच तसा. ते खरं नव्हतं, पण दुसरं काय सांगावं हे आईलाही कळत नव्हतं.

अजय तिचा मोठा भाऊ. मोबाइल दुरुस्तीचं दुकान निकेशबरोबर भागीत चालवायचा. घरी रविवारी एक खेळ चालायचा, त्यानं स्वतः रचलेला. खेळणारे दोघंच: निकेश, आणि भामरागडहून आयटीआय शिकायला आलेला इसरू, जो याच घरी भाड्याच्या खोलीत राहायचा. अजय गोष्ट सांगायचा. तुम्ही जंगलात आहात, समोर डोह आहे, पलीकडून कुणीतरी हाक मारतंय, आता काय करता? दोघं आपापला माणूस काय करतो ते सांगायचे, लुडोचा फासा टाकायचे आणि पडेल त्या आकड्यावर त्या माणसाचं बरंवाईट ठरायचं. राज्य होतं सात डोहांचं आणि प्रत्येक डोहाला एक राखणदार. निकेशचा माणूस तुऱ्या नावाचा चोर होता, इसरूचा एक मुका शिकारी. दीपिका चहा नेऊन द्यायची आणि बाकीचं स्वयंपाकघरातून ऐकायची. तिला कुणी खेळायला बोलावलं नाही. तिनंही कधी विचारलं नाही.

अजयला जाऊन काही महिने झाल्यावर एका दुपारी केंद्रातला सर्व्हर बंद पडला. लोक वाट बघून निघून गेले. दीपिकानं कोरं पान उघडलं आणि पहिल्या डोहाचं वर्णन टाइप केलं, अजय सांगायचा तसंच. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत पुढचं. लिहिताना तिला बरं वाटायचं असं नाही, वाईटही वाटायचं नाही. बोटं चालायची आणि तेवढा वेळ कुणी काही विचारायचं नाही. वर्ष उलटलं तेव्हा तीन पुस्तकांएवढा मजकूर झाला होता.

एका प्रकाशकाला तिनं पहिला भाग पाठवला. त्यांचं उत्तर आलं की राक्षस-बिक्षस कमी करून मुलांसाठी छोटं पुस्तक केलंत तर पाहू. तिला त्याचा राग आला नाही. स्वतःच छापायचं, एवढंच तिनं ठरवलं. सात डोह, सात पुस्तकं. पुस्तकाचा आयएसबीएन क्रमांक कसा काढायचा, ई-बुक कुठे चढवायचं, मागणी आली तेवढ्याच प्रती कुठे छापून मिळतात, हे सगळं तिनं शोधलं. चंद्रपूरच्या एका छापखान्यात मजकूर दिला, तर त्यांच्या जुन्या फॉन्टमध्ये जोडाक्षरं फुटली. तुऱ्याच्या जागी प्रत्येक पानावर एक चौकट आणि एक काना दिसत होता. तिनं सगळी पानं बसून दुरुस्त केली.

निकेशला तिनं दुकानात जाऊन सांगितलं. त्यानं हातातला मोबाइल उघडाच बाजूला ठेवला. मग म्हणाला, मुखपृष्ठ मी करून देतो, तुऱ्याचं काय करायचं ते कर पण मारू नको. आणि ती निघताना त्यानं विचारलं, "इसरूले विचारलं का तू?"

विचारलं नव्हतं. इसरू आयटीआय संपवून गावी परतला होता आणि पावसाळा होता. नदी पुलावरून वाहत होती, भामरागडचा रस्ता बंद होता आणि फोन लागत नव्हता. दिवाळीनंतर एकदाचा तिचा निरोप पोचला, सोबत तिन्ही भागांची फाइल. चार दिवसांनी उत्तर आलं: ये. फोनवर नको.

गडचिरोली, आल्लापल्ली करत ती भामरागडला पोचली. इसरू आता आश्रमशाळेत वीज आणि पाण्याच्या मोटारींचं काम बघत होता. लग्न झालं होतं. त्याची बायको रुखमा हिनं भात आणि नदीच्या मासोळीचा रस्सा वाढला. जेवणं झाल्यावर अंगणात बाज टाकून तो बसला. सगळं वाचलं, असं त्यानं आधी सांगितलं. अजयचं बोलणं तिनं बरोबर पकडलंय, असंही सांगितलं.

"तिसरं पुस्तक नाई छापता येत," तो म्हणाला.

"काऊन?"

"तिसऱ्या डोहाचा जो राखणदार हाय, तो आमच्या कुळाचा देव हाय. तो नदी उतरून कसा आला, त्यानं काय मागतलं, हे मी अजयले सांगतलं होतं. खेळात घेतो म्हणे, मी म्हटलं घे. आम्ही तिघं खोलीत होतो. बाहेर न्यायचं नाई, हे तेव्हाच बोललो होतो. तो हो म्हणला होता."

दीपिकानं विचारलं, नाव बदललं तर? इसरूनं नकारार्थी मान हलवली. नाव त्यानं खेळतानाही वेगळंच दिलं होतं. गोष्ट कुळाची होती. ती कुणी सांगायची, कधी सांगायची, हे ठरलेलं होतं, आणि ते ठरवणारा तो एकटा नव्हता. त्याच्या काकाला त्यानं विचारलंही होतं. काका नाही म्हणाला होता.

तिसरं पुस्तक तिन्हींत चांगलं उतरलं होतं, हे तिला ठाऊक होतं. पुढच्या चारही डोहांची वाट त्याच राखणदारापासून फुटत होती. ते काढलं तर सगळा आराखडा कोसळत होता.

"बरं," ती म्हणाली. "काढते."

इसरूची भांडणाची तयारी असावी. तो रुखमाकडे बघू लागला. रुखमानं विचारलं, एवढं लिहिलेलं वाया गेलं, तुम्हाले राग नाई आला?

"मले राग, रडू, काहीच येत नाई, वहिनी," दीपिका म्हणाली. "भाऊ गेल्यापासून."

हे ती पहिल्यांदाच कुणाला तरी सांगत होती. सांगून काही हलकं वगैरे वाटलं नाही. अंगणात कोंबड्या फिरत होत्या, त्यांच्याकडे ती बघत राहिली.

थोड्या वेळानं इसरूनं विचारलं, "त्या राज्यात तुझा माणूस कोणता?"

माझा कुणी नाही, असं तिनं सांगितलं. इसरू आत गेला आणि फासा घेऊन आला. बाजेवर समोरासमोर बसत म्हणाला, "तू नदीच्या काठावर हायस. एकटी. काय करतेस?"

एवढी पानं तिनं लिहिली होती, पण हा प्रश्न तिला कधी कुणी विचारला नव्हता.

"बसते," ती म्हणाली.

"फासा टाक."

एक पडला. पाणी चढून राह्यलं, इसरूनं सांगितलं, पायाले लागलं. आता काय? ती पुन्हा म्हणाली, बसते. रुखमाला हसू आलं, तिनं पदरानं तोंड झाकलं. पुन्हा फासा, पुन्हा लहान आकडा. पाणी कमरेपर्यंत आलं. इसरूचा आवाज तसाच होता, घाई नाही, भीती घालणं नाही.

"आता?"

"हाक मारते."

"कोणाले?"

दीपिकानं फासा मुठीत घट्ट धरला, टाकला नाही. रुखमानं पाण्याचा गडू आणून तिच्यापुढे ठेवला आणि बाजेच्या कडेला बसून राहिली. इसरूनं पुढे विचारलं नाही. नंतर मोटारी चालू करायला तो शाळेकडे निघून गेला.

सकाळच्या गाडीनं ती परतली. तिसरं पुस्तक तिनं संगणकावरून काढून टाकलं, दुसरीकडे ठेवून घेतलं नाही. नव्यानं लिहायला घेतलं तेव्हा त्या डोहाला राखणदारच नव्हता. काठावर एक बाई बसलेली होती आणि पाणी चढत होतं. ती बाई पुढे काय करते हे दीपिकाला माहीत नव्हतं. त्या जागी ती अडली, आणि बरेच महिने अडूनच राहिली. रविवारी रेंज असली की इसरू फोन लावायचा, निकेश दुकानातून जोडला जायचा आणि तिघं खेळायचे. कधी ती नीट खेळायची. कधी मध्येच गप्प व्हायची, मग ते दोघं आपलं पुढे चालवायचे.

पहिलं पुस्तक मात्र छापून आलं. मार्कंड्याच्या जत्रेत निकेशनं एक टेबल लावलं, खेळण्यांच्या आणि कुंकवाच्या दुकानांमध्ये. बरेच लोक पुस्तक देवाचं समजून कपाळाला लावायचे आणि खाली ठेवून पुढे जायचे. दर्शन करून आलेला मुखरू नावाचा एक म्हातारा थांबला. हातात नारळ होता.

"मार्कंडऋषीची कथा हाय का, बाई?"

"नाई, भाऊ. दुसरी हाय."

"मले वाचता येत नाई. काय हाय त्याच्यात?"

निकेश चहा आणायला गेला होता. दीपिका जराशी अडखळली, मग सांगू लागली. जंगलात सात डोह होते. पहिल्या डोहाशी एक चोर आला. म्हातारा नारळ काखेत धरून ऐकत होता. मध्ये त्यानं विचारलं, चोराच्या घरी कोण कोण होतं? हे तिनं पुस्तकात लिहिलं नव्हतं. म्हातारी माय होती, तिनं जागच्या जागी सांगितलं. मुखरूनं मान डोलावली. तेवढ्यात त्याच्या घरच्यांनी गाडीकडून हाक मारली आणि तो पुस्तक न घेताच गेला.

मागे उभ्या असलेल्या बाईनं विचारलं, मग त्या चोराचं काय झालं? दीपिकानं तिला बसायला स्टूल दिलं आणि पहिल्यापासून सांगायला घेतलं.