शालनचा उजवा डोळा आणि माझा अर्ज

“रेटिनल आर्टरी ऑक्लुजन,” असे नेत्रविभागाच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या आणि माझ्या चेहऱ्याकडे पाहून त्यांनी ते सोपे केले. डोळ्याच्या पडद्याला रक्त पुरवणारी वाहिनी बंद पडली आहे. चेहऱ्यात टोचलेले औषध रक्तवाहिनीत शिरून तिथपर्यंत पोहोचले आहे.

माझी पत्नी सौ. शालन खाटेवर उताणी पडून होती. मॅडमनी तिचा डावा डोळा झाकून उजव्यासमोर बॅटरी धरली व विचारले, “उजेड दिसतो का?”

“लावलीया व्हय?” असे तिने विचारले.

मी कोल्हापुरात सरकारी कचेरीबाहेर टेबल टाकून सत्तावीस वर्षे अर्ज लिहीत आहे. शिक्षण नववीपर्यंत. तथापि माझ्या अर्जावर त्रुटीचा शेरा मारण्याची संधी मी कोणाही कारकुनास दिलेली नाही. ही बढाई नव्हे. पुढील हकिगत समजण्यासाठी हे नमूद करणे आवश्यक आहे.

गेल्या वर्षी डेंगीनंतर शालन अंगाने उतरली, गाल बसले. कसबा बावड्याच्या पुतणीचे लग्न ठरले. साखरपुड्याचे फोटो पाहताना मी चारचौघांत म्हणालो, “शालन, तू माझी थोरली बहीण दिसाय लागलीस.” सगळे हसले. तीही हसली. लग्नाला बारा दिवस उरले असताना ती मला न सांगता शिवाजी पेठेतील आमच्या घराजवळच्या पार्लरमध्ये गेली. तेथे कोलॅजन वाढवणारे इंजेक्शन मिळते, अशी पाटी होती.

कोलॅजन म्हणजे त्वचेला घट्टपणा देणारे प्रथिन. वयाबरोबर ते कमी होते. काही इंजेक्शनांतून त्वचेखाली बारीक कण सोडतात व शरीर त्यांच्याभोवती नवे कोलॅजन तयार करते. हे ज्ञान मला नंतर झाले. त्या पार्लरवालीस ते कितपत होते, हे मी सांगू शकत नाही.

अकरा वाजून दहा मिनिटांनी दोन भुवयांमध्ये सुई गेली. डोळ्यामागे जीवघेणी कळ आली व उजवीकडचे सारे काळे झाले. पार्लरवालीने बर्फ लावला. “काकी, सूज हाय, सांजपतोर उतरंल,” असे ती म्हणाली. शालन रिक्षा करून थेट माझ्या टेबलाशी आली.

“अहो, उजव्या डोळ्यानं कायबी दिसंना.”

तिच्या कपाळाचा मधला भाग पांढराफटक पडला होता. मी तो पाहिला आणि कोरा कागद घेतला.

“थांब. आधी तक्रार देऊ. दवाखान्यात गेलो की ती बाई नाकबूल होईल. नोंद पाहिजे.”

गगनबावड्याहून सातबाऱ्याच्या दुरुस्तीसाठी आलेले एक वयस्कर गृहस्थ समोर बसले होते. ते उठून उभे राहिले. “साहेब, कागद पळून जातोय व्हय? वैनींचा डोळा बघा की आधी!”

“पावणं, तुम्ही तुमच्या सातबाऱ्याचं बघा,” मी म्हणालो.

अर्ज उत्तम उतरला होता. शेवटच्या परिच्छेदात एक खाडाखोड झाली. खाडाखोडीचा अर्ज मी देत नसतो. म्हणून तो पुन्हा पहिल्यापासून स्वच्छ लिहिला. शालन स्टुलावर डोळ्याला पदर लावून बसली होती. “कळ लई याय लागलीया. उरकंल न्हवं?” एवढेच ती दोनदा म्हणाली. आवक शाखेतील कारकून जागेवर नव्हते. ते येऊन पोचेचा शिक्का मारेपर्यंत मी तेथून हललो नाही.

रुग्णालयात मॅडमनी पहिला प्रश्न केला, “नजर नेमकी कधी गेली?” मी अर्जाची प्रत पुढे केली. त्यांनी ती उभ्यानेच वाचली.

“अकरा दहा. आणि शिक्का एक पाचचा. मधे कुठल्या दवाखान्यात होता?”

मी प्रत परत घेण्यासाठी हात पुढे केला. शालन म्हणाली, “रिक्षाच मिळंना झालती, मॅडम.”

डोळ्याचा दाब उतरवणारे औषध दिले, डोळा चोळला, प्राणवायू लावला. दृष्टी आली नाही. मॅडम म्हणाल्या, “लगेच आणलं असतं तरी खात्री देता आली नसती. पण प्रयत्नाला वेळ मिळाला असता.”

दुसऱ्या दिवशी कपाळावर जांभळी जाळी उमटली, मग फोड, मग काळी खपली. याला नेक्रोसिस म्हणतात. रक्त न मिळाल्याने कातडी मरते. त्वचारोगतज्ज्ञांनी सांगितले की, हायलुरॉनिक ॲसिडचे फिलर, म्हणजे बसलेला भाग भरून काढणारी इंजेक्शने, दुसऱ्या औषधाने विरघळवता येतात. कोलॅजन वाढवणाऱ्या कणांना तसा उतारा नाही. काहींना महिन्यांनी गाठीही येतात. बाटलीवर कोणते नाव होते, हे शालनला सांगता आले नाही. तिला बाटली दाखवलीच नव्हती.

लग्नास आम्ही गेलो नाही. खपली पडली, खड्डा राहिला. चहा ओतताना तो कपाच्या बाहेर जातो, तेव्हा ती माझ्याकडे न पाहता फडके घेते.

ज्या भगिनींना हा उपचार घ्यावयाचा असेल त्यांनी तो पात्र त्वचारोगतज्ज्ञ अथवा प्लास्टिक सर्जन यांच्याकडेच घ्यावा. सीलबंद बाटली समोर फोडून घ्यावी, औषधाचे नाव व बॅच नंबर लिहून घ्यावा. पूर्वीचे आजार, ॲलर्जी व रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या लपवू नयेत. विपरीत घडल्यास तुम्ही काय कराल, हे डॉक्टरांस आधीच विचारावे. सुईनंतर तीव्र कळ, पांढरी वा जाळीदार कातडी, अंधारी, यांपैकी काहीही झाले तर त्याच क्षणी नेत्रतज्ज्ञ असलेल्या मोठ्या रुग्णालयात जावे. सूज म्हणणाऱ्यावर विसंबू नये.

हे पहिल्यांदा लिहून झाल्यावर मी शालनला वाचून दाखवले. त्या वेळी त्यात फक्त पार्लरवालीची हयगय होती. टेबल, स्टूल, खाडाखोड यांतले काही नव्हते. तिने शेवटपर्यंत ऐकले.

“चांगलं लिवलंय,” ती म्हणाली. “पर अकरा दहापासनं एक पाचपतोर मी कुठं व्हते, त्ये न्हाय त्यात.”

मी तो कागद फाडला आणि दुसरा घेतला. हा तोच आहे. यात तीन ठिकाणी खाडाखोड आहे. मी तशीच ठेवली आहे.